डावा कोपरा

संघाबद्दल मत केव्हा द्यावं, याचा बदलापूर गावातल्या कबड्डीवाल्यांचा हिशोब पक्का आहे. साखळीत २२ सामने असतील तर अकरावा सामना संपल्यावर. त्याआधी बोलतो तो हौशी, आणि पंधराव्यानंतर बोलतो त्याचं कोण ऐकणार? तेव्हा गुणतक्ताच बोलायला लागलेला असतो.

स्टेशनला ज्याचं नाव मिळालं ते मूळ गाव पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला आहे. स्टेशनभोवती कुळगाव-बदलापूर इमारतींनी भरलं, पहाटेच्या लोकलने जाणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या माणसांचं शहर झालं. पण थंडी पडली की मातीचं मैदान आखायचं, बांबूंवर दिवे चढवायचे आणि मध्यरात्र उलटेपर्यंत सामने बघायचे, ही ठाणे-रायगडच्या गावांची जुनी सवय गेली नाही. या सवयीतून प्रेक्षकांची एक जात तयार झाली आहे. एके काळी स्वतः गावच्या संघातून खेळलेले, आता गुडघे धरून ओट्यावर बसणारे हे लोक. २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली तेव्हा त्यांनी आधी नाक मुरडलं. मॅटवर बूट घालून खेळतात ती कसली कबड्डी! पुढे तेच रोज रात्री टीव्हीपुढे बसायला लागले, आणि मातीवरच्या संघांची जी तपासणी करायचे तीच मॅटवरच्या संघांची करू लागले.

निष्ठा कुणाशी, हा प्रश्न इथे अवघड आहे. बदलापूर मुंबईच्या लोकलचं गाव, म्हणून प्रो कबड्डीतला यू मुंबा आपला. पण पुण्याची गाडीही याच रुळांवरून कर्जतचा घाट चढते, म्हणून पुणेरी पलटणही परकी नाही. एकाच घरात दोन्ही पक्ष असतात आणि जेवणाच्या वेळी भांडतात. तपासणीच्या वेळी मात्र दोघांची नजर एकाच जागी जाते.

टीव्हीवर आकडे दिसतात ते चढाईपटूंचे. कुणी किती गुण आणले, कुणाचे दहा झाले. ओट्यावर ते सगळ्यांत शेवटी विचारतात. आधी विचारतात तो कोपरा, त्यातही डावा. बचावाच्या साखळीत दोन टोकांना दोन कोपरारक्षक, आत मध्यरक्षक. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा घोट्यावर झेप घेतो तो कोपरारक्षक. पण नुसत्या घोट्याने काम होत नाही. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर आणि तिथून एक मीटरवर बोनस रेषा. धडधाकट गडी पडता पडता अंग लांबवून, हात पुढे टाकून यातलं बरंच अंतर तोडतो. म्हणून बघायचं ते हे की कोपऱ्याने घोटा धरल्यावर शेजारचा गडी किती लवकर अंगावर येतो. मोसमाच्या सुरुवातीला सगळेच उशिरा येतात, ओळख नसते. अकरा सामन्यांनंतरही उशीर होत असेल तर तो संघ जुळलेला नाही, मग गुणतक्त्यात तो कितीही वर असो.

डाव्या कोपऱ्याच्या या वेडाला स्थानिक कारण आहे. शेजारच्या कल्याणचा गिरीश इर्नाक याच जागेचा खेळाडू. २०१८च्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात तो होता. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेतही तो भारताकडून खेळला. आपल्या पट्ट्यातला पोरगा चढाईने नव्हे तर पकडीने भारतापर्यंत पोचतो, हे इथल्या लोकांच्या मनात घट्ट बसलं आहे. इराणच्या फजल अत्राचलीला त्यांनी आपलंसं केलं तेही डाव्या कोपऱ्याच्या या वेडामुळेच. यू मुंबाच्या डाव्या कोपऱ्यात तो २०१५ साली पहिल्यांदा उभा राहिला, आणि त्याच मोसमात मुंबाने बंगळुरूला अंतिम सामन्यात ३६-३० हरवून विजेतेपद घेतलं.

दुसरी परीक्षा तिसऱ्या चढाईची. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर गडी बाद. मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला असताना ही चढाई कोण करतो, यावर संघाची खोली कळते. एकाच माणसावर उभा असलेला संघ पहिल्या पाच-सहा सामन्यांत झळकतो. मग प्रतिस्पर्धी त्याला बाद करून लवकर उठूच देत नाहीत, आणि ४० मिनिटांतली बरीचशी तो बाकावर काढतो. त्या मिनिटांत बाकीचे काय करतात, याची नोंद काही जण चक्क वहीत ठेवतात. माझ्या मते टीव्हीवरच्या रंगीत तक्त्यांपेक्षा ती वही जास्त सांगते.

तीन गडी उरले असतानाचा खेळ ही आणखी एक खूण. सहापेक्षा कमी बचावपटू असले की बोनस मिळत नाही, आणि तीन किंवा त्याहून कमी असताना पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. घाबरणारा संघ इथे मागे सरकतो आणि सगळे गडी बाद होऊन लोण ओढवून घेतो. धीट संघ वाट बघतो.

या सगळ्या कसोट्या पुणेरी पलटणवर लागल्या त्या २०२४ साली. १ मार्चला पुण्याने हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं होतं. साखळीतल्या २२ सामन्यांत फक्त दोन पराभव, ९६ गुण. डाव्या कोपऱ्यात मोहम्मदरेझा शादलुई, पुढे अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत. मग लिलाव झाला. शादलुई दोन कोटी सात लाखांना हरियाणाकडे गेला. चढाईची फळी बहुतेक तशीच राहिली, म्हणून वर्तमानपत्रांतून पुण्याला पुन्हा दावेदार ठरवलं गेलं. ऑक्टोबरात सुरुवातही दणक्यात झाली.

ओट्यावरच्या जाणकारांचं म्हणणं वेगळं होतं. गुण येतायत, पण कोपऱ्यात भोक आहे. आधी जी पकड एका झेपेत व्हायची तिला आता तीन माणसं लागतात. नोव्हेंबरात अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो उरलेल्या मोसमाला मुकला. त्यानंतर संघ घसरत गेला आणि बाद फेरीलाही पोचला नाही. हरियाणा शादलुईसह २९ डिसेंबरला विजेता झाला, तोही पुण्याच्या बालेवाडीत. झालं! कोपऱ्यावाल्यांचं डोकं आभाळात गेलं.

मला ही मांडणी जरा सोयीची वाटते. अस्लम नुसता चढाईपटू नव्हता. तो कप्तान होता, आणि बचावातही हात घालणारा. त्याच्या जाण्याने दोन्ही बाजू एकदम हलल्या. त्याला बाजूला ठेवून सगळा दोष कोपऱ्यावर टाकणं म्हणजे आपल्या आवडत्या जागेला नको तितकं मोठं करणं. त्याच मोसमात यू मुंबाने पाचवं स्थान मिळवलं ते तरण्या अजित चौहानच्या चढायांच्या जिवावर. ओट्यावर हे कबूल करतात, पण आवाज खाली घेऊन.

पुढच्या वर्षी तर सिद्धांताची पुरतीच पंचाईत झाली. शादलुई दोन कोटी तेवीस लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरात पहिल्या आठातही आला नाही. डावा कोपरा होता, पण घोटा धरल्यावर धावून येणारं शेजारी कुणी नव्हतं. ही कसोटी खरं तर जाणकारांचीच. ती फक्त एका माणसाच्या नावाला चिकटवायची नव्हती.

त्याच वर्षी लीगने आकडेमोडही बदलली. आधी विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलं तरी एक गुण हातात. त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत हरणारा संघही जीव तोडून खेळायचा, आणि मध्यावर ‘किती सामने सातच्या आत हरलो?’ हा पहिला प्रश्न असायचा. २०२५ पासून विजयाला दोन गुण, हरणाऱ्याला भोपळा, बरोबरी झालीच तर पाच-पाच चढायांनी निकाल. प्रत्येकाचे साखळीतले सामनेही २२ वरून १८ वर आले. आता मध्य म्हणजे नववा सामना की अकरावा, यावरच आधी वाद.

३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत अंतिम सामना झाला. अस्लम परतलेला, पुणे पुन्हा अंतिम फेरीत. दबंग दिल्लीने तो ३१-२८ असा जिंकला. दिल्लीच्या बचावात फजल अत्राचली उभा होता, इतकं सांगून कोपऱ्यावाले गप्प बसले. पुण्याकडून बोलणाऱ्यांनी लगेच उलट विचारलं, २०२२ साली मुंबईत जयपूरने आपल्याला ३३-२९ हरवलं तेव्हा फजल कुणाच्या जर्सीत होता? तो तेव्हा पुण्याचाच होता. यावर अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही.