रेल्वेची आगोट

रत्नागिरी इंग्रजांना आवडली ती माणसं अडकवून ठेवायला. ब्रह्मदेश घशात घातल्यावर १८८६ मध्ये त्यांनी राजा थिबाला इथे आणलं. १९१६ मध्ये त्याने डोळे मिटले तेही इथेच. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर इथे स्थानबद्ध होते. सरकारच्या दृष्टीने जागा नामी होती. पाठीशी सह्याद्री, पुढ्यात समुद्र, आगगाडी नाही, आणि जी काय समुद्राची वाट होती ती पावसाळ्यात मिटलेली.

परीकथांतल्या नगरांमध्ये एक जादूचं ठाणं हमखास असतं. डोंगराची कवाडं उघडतात, दऱ्यांवर पूल उगवतात आणि सात मुलखांची माणसं एका चौथऱ्यावर उतरतात. रत्नागिरी स्टेशनचं यापेक्षा फारसं वेगळं वर्णन मला करता येणार नाही. फक्त इथली कवाडं सुरुंगांनी उघडली आणि चौथऱ्यावर चहा मिळतो. मांडवी येते, नेत्रावती येते, राजधानी थांबते, २०२३ पासून वंदे भारतही थांबते. एकाच फलाटावर मल्याळम, कानडी, मालवणी आणि दादरची मराठी अशा चार तऱ्हांची भांडणं ऐकू येतात, आणि सगळ्यांचा विषय एकच असतो: खिडकीजवळची जागा.

गावचं पहिलं ठाणं मात्र बंदर. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड करत यायची आणि किनाऱ्यापासून दूर उभी राहायची. मग पडावात उतरायचं. पोरं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, नवी नवरी, सगळं हातोहात. आमच्या आजीच्या पिढीला ‘बोट लागणे’ याचे दोन्ही अर्थ अनुभवाने ठाऊक होते. जून आला की बोट बंद. म्हणून त्याआधी कोकणात आगोट असायची: मीठ, मिरची, तांदूळ, सुकं म्हावरं, जळाऊ लाकडं, सगळं घरात भरून दार ओढून घ्यायचं. मुंबईचा चाकरमानी तिकडे, घरची माणसं इकडे, मध्ये खवळलेलं पाणी. पावसाळी समुद्राशी खेळ नको हे १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीने पुन्हा एकदा शिकवलं. मुंबईच्या तोंडाशी ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

रेल्वे हवी ही मागणी जुनी. नाथ पैंनी लोकसभेत ती लावून धरली, त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार झालेल्या मधु दंडवत्यांनीही. योग असा जुळला की १९८९ च्या अखेरीस दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले. फायलीची दोन्ही टोकं आपल्याच माणसांच्या हातात! जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. त्याच्या भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकी पैसा बहुतांशी रोख्यांतून उभा केला. सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सलग सुरू झाला.

एवढ्या अंतरात नव्वदहून अधिक बोगदे का लागले, हे रत्नागिरीच्या आसपास पाहिलं की कळतं. सह्याद्रीचे फाटे पूर्वेकडून समुद्राकडे धावतात, नद्याही तशाच. रेल्वेला जायचंय उत्तरेकडून दक्षिणेला. म्हणजे प्रत्येक फाटा फोडायचा आणि प्रत्येक नदी ओलांडायची. शहराच्या उत्तरेला उक्शी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा. काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा २०१३ मध्ये सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच. आत शिरलं की डब्यातल्या गप्पा आपोआप थांबतात, पोरं मोठ्याने आकडे मोजू लागतात आणि तीनशेच्या पुढे कंटाळून सोडून देतात.

दक्षिणेला, निवसरच्या अलीकडे, पानवल नदीवरचा पूल. (पनवेल नव्हे, पानवल, चूक इतकी सर्रास होते की आता कोणी सुधारतही नाही.) लांबी ४२४ मीटर, उंची ६४, कुतुबमिनार शेजारी उभा केला तर थोडासाच वर डोकावेल. इतक्या खोल दरीत खालून टेकू देऊन पूल ओतणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका काठावर पुलाचा एकेक तुकडा ओतायचा, तो आधीच्या तुकड्याला जोडायचा आणि अख्खा पूल जॅकने पुढे ढकलायचा, अशी रीत इथे वापरली. खांबामागून खांब गाठत पूल दरीवर सरकत गेला. जादू म्हणायची तर ती ही. गाडीत बसलेल्याला यातलं काहीच दिसत नाही. खिडकीतून एकदम जमीन नाहीशी होते, एवढंच.

पण मला या ठाण्याचं खरं अप्रूप वाटतं ते जूनमध्ये. बंदर जे करू शकलं नाही ते या स्टेशनाला करावं लागतं: पावसात उघडं राहणं. सुरुवातीला वाटलं असेल की लोखंडी रूळ टाकले म्हणजे झालं. पावसाने तसं वाटू दिलं नाही. जांभ्याची आणि तांबड्या मातीची भिजलेली दरड किती जड होते, हे २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कळलं. कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी रुळावरच्या दरडीवर आदळली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. वर्षही उलटलं नव्हतं, तोच १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा दगडांमुळे घसरली. दोन्ही वेळा जून. समुद्रात जाणारा कोणीही सांगेल की पहिला पाऊस सर्वांत फसवा.

त्यानंतर रेल्वेनेही आगोट सुरू केली, असं मी म्हणतो. उतार कमी केले, दगडांवर जाळ्या ताणल्या, गटारं उपसली. पाऊस मोजायला माणगावपासून उडुपीपर्यंत नऊ स्टेशनांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापकं बसवली, त्यांतलं एक रत्नागिरीत. वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं चार पुलांवर आहेत आणि मांडवी, जुवारी, शरावती यांच्या पंगतीला पानवलचा पूल आहे. काळ, सावित्री आणि वाशिष्ठीवरचे पूल पाणी चढलं की इशारा देतात. अपघात झालाच तर धावून जाणारी, आत शस्त्रक्रियेची सोय असलेली वैद्यकीय गाडी दोनच ठिकाणी तयार उभी असते: एक गोव्यात वेर्ण्याला, दुसरी रत्नागिरीत. नियंत्रण कक्ष बेलापूर, रत्नागिरी आणि मडगाव इथे चोवीस तास जागे. आणि यंत्रांवर सगळा भार न टाकता शेकडो माणसं रात्री कंदील घेऊन रुळांवरून चालतात. पाऊस असा कोसळत असतो की पुढचा खांब दिसत नाही. दिसेनासं झालं की गाडीलाही ताशी चाळीसच्या पुढे जायची मुभा नाही.

म्हणून पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये आखूड करून १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. त्यात भर एकेरी मार्गाची. रोहा ते वीर एवढा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढे बहुतेक सगळीकडे एकच रूळ. समोरून गाडी येत असेल तर आपण बाजूला उभं राहायचं. ‘क्रॉसिंगला पडली’ हे दोन शब्द कोकणात उशिराचं संपूर्ण स्पष्टीकरण मानले जातात. २०२२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं, डिझेलचा धूर गेला, पण क्रॉसिंग राहिलं. गणपतीत जादा गाड्या सुटतात तेव्हा तर ही अडकाठी उघडी पडते. मुंबईतून निघालेला चाकरमानी मांडीवर मखर धरून एखाद्या अनोळखी स्टेशनात तासभर खोळंबलेला, आणि समोरून रिकामी गाडी डौलात निघून जाते. दुहेरीकरणाची घोषणा तो कुठल्याशा निवडणुकीपासून ऐकतोय. तेव्हा या जादूचं कौतुक करताना तिची ही मेख विसरता येत नाही: दार उघडं आहे, पण एका वेळी एकानेच यायचं.

स्टेशन गावापासून पाच-सहा किलोमीटर दूर, कुवारबावच्या बाजूला. बोटीतून उतरल्यावर पडाव लागायचा, गाडीतून उतरल्यावर रिक्षा लागते. भाड्याची घासाघीस दोन्हीकडे.

कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि होड्या लोटतात. रेल्वेचा पावसाळा त्यापुढेही बराच चालतो आणि संपतो तो कुठल्याही समारंभाशिवाय; सूचना फलकावर एक नवा कागद लागतो, इतकंच. गाड्या पुन्हा वेग धरतात आणि रत्नागिरीला लवकर पोचू लागतात. त्या आठवड्यात मडगावकडे जाणारं एखादं कुटुंब पावसाळी वेळेच्या भरवशावर सामानासकट फलाटावर येतं, आणि गाडी निवसरही ओलांडून गेलेली असते.