हिशेब आपला, गणित लेकरांचं



महाड-पोलादपूरकडे आपल्या बचत गटाच्या बैठकीला आयांबरोबर लेकरंही येतात. अशाच एका बैठकीत दुसरीतल्या मुलीला आम्ही म्हटलं, "सत्तावीस लिही बघू." तिनं लिहिले ७२. आई लगेच रागावली, "एवढंही येत नाही?"

पण तिनं ऐकलं तसंच लिहिलं होतं. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. आम्ही तिला खराट्याच्या काड्या दिल्या. तिनं दहा-दहाचे दोन गठ्ठे बांधले, सात काड्या सुट्या उरल्या. "वीस आणि सात!" म्हणाली आणि २७ लिहून मोकळी झाली.

हीच अडचण ओळखून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असंही दिलं गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. तेव्हा थट्टा झाली, विधानसभेतही विषय गाजला. पण जुने शब्द काढलेच नव्हते, समजायला एक पायरी वाढवली होती. गणित गोडीनं शिकावं म्हणून 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या.

आता मोठ्या मुलांचं बघू. त्यांना शेकडेवारी नकोशी वाटते. त्यांच्यापुढे गटाची कर्जवही ठेवा. समजा, एका ताईनं ५,००० रुपये घेतले, महिना शेकडा दोननं. पहिल्या महिन्याचं व्याज १००. मुद्दलातले ५०० फेडले की उरले ४,५००, म्हणून पुढचं व्याज ९०. मग ८०. असे दहा हप्ते मुलांनाच मांडू द्या. एकूण व्याज येतं ५५०.

आता विचारा, कुणी दहाही महिने १०० रुपयेच व्याज घेतलं तर? १,००० होतात! दोघंही तोंडानं 'शेकडा दोन'च म्हणतात, पण फरक पडतो ४५० रुपयांचा. "शेकडा कशावर? मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर?" हा प्रश्न ज्या मुलीला सुचेल, तिला उद्या कोणी फसवू शकणार नाही. आपल्यातल्या कितीजणींनी तो न विचारताच अंगठा दिला आहे, आठवून बघा.

"आम्ही कमी शिकलो, आम्ही काय शिकवणार?" असं म्हणू नका. बाजारात सुटे पैसे मोजणं, पायलीचा हिशेब, ओटीचं कापड बेतणं, हे सगळं गणितच आहे. फक्त उत्तर चुकलं की ओरडू नका. "कसं काढलंस, सांग बघू," एवढंच विचारा. सांगता सांगता लेकराला आपली चूक आपणच सापडते. शाळेच्या पालकसभेत गुरुजींनाही हेच सांगा: गणितं आमच्या वहीतली घाला.

पुढच्या बैठकीला वहीबरोबर लेकीलाही आणा. महिन्याचं व्याज तिलाच काढू दे.