पाचशे रुपयांची वाट

पैसे ह्या खात्यातून त्या खात्यात गेले, असे आपण सहज म्हणतो. पण ह्या एका वाक्यात नोंदी दोन असतात, बरं का! एका खात्यात ५०० रुपये नावे पडायचे, दुसऱ्यात ५०० जमा व्हायचे. पहिली नोंद झाली आणि दुसरी व्हायच्या आत तार तुटली, तर? ते पैसे गेले कुठे? असे होऊ नये म्हणून काय व्यवस्था असते, ते आज पाहू.

जगातल्या कितीतरी मोठ्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या खतावण्या आजही 'मेनफ्रेम' नावाच्या मोठ्या संगणकावर असतात. आय. बी. एम. कंपनीने १९६४ साली 'सिस्टिम ३६०' जाहीर केला. तिच्या आजच्या मेनफ्रेम त्याच घराण्यातल्या. ह्याच कंपनीतील एडगर कॉड ह्यांनी १९७० साली, माहिती कोष्टकांत कशी मांडावी, ह्याचा सिद्धान्त मांडला. शाळेचे हजेरीपत्रक आठवा. एका ओळीत एक विद्यार्थी, एका रकान्यात एक बाब. गुणपत्रकातही तोच हजेरी क्रमांक असला की दोन्ही कोष्टकांची सांगड बसते. ह्या सिद्धान्तावर उभारलेली 'डीबी२' ही प्रणाली मेनफ्रेमसाठी १९८३ साली आली.

गिऱ्हाईक मात्र ह्या खतावणीशी थेट बोलत नाही. मध्ये 'ॲप्लिकेशन सर्व्हर' असतात. मागणी ऐकायची, ती नियमात बसते का पाहायचे आणि मग डीबी२ला विचारायचे, हे त्यांचे काम. विचारायचे ते 'एसक्यूएल' भाषेत. निरोप धाडायचा तो 'डीआरडीए' नावाच्या ठरलेल्या रीतीने. रीत कशाला हवी? तर दोघांची अक्षरओळखच निराळी! इंग्रजी मोठ्या 'ए' अक्षराचा क्रमांक मेनफ्रेमच्या 'एब्सिडिक' पद्धतीत १९३, तर इतरत्र चालणाऱ्या 'आस्की' पद्धतीत ६५. म्हणून निरोप कोणत्या पद्धतीत आहे, हे आधी सांगितले जाते आणि घेणारा तो आपल्या पद्धतीत उतरवून घेतो.

प्रत्येक कामाला नवी जोडणी करायची, तर ओळख पटवण्यातच वेळ जातो. म्हणून सर्व्हर काही जोडण्या तयार ठेवतो. काम आले की एक द्यायची, संपले की परत घ्यायची. ह्या साठ्याला 'कनेक्शन पूल' म्हणतात. आता गणित करा. समजा, सर्व्हर १० आणि प्रत्येकाच्या जोडण्या ५०. एकूण झाल्या ५००. मेनफ्रेमवर एका वेळी २०० कामांचीच मर्यादा ठरवलेली असेल, तर सगळ्या एकदम कामाला लागताच ३०० जणींना ताटकळावे लागेल. तेव्हा आपल्यापुरते पाहून भागत नाही, सगळ्यांची बेरीज करावी लागते.

आता आपल्या ५०० रुपयांकडे वळू. दोन्ही नोंदी झाल्या की सर्व्हर सांगतो, 'कमिट', म्हणजे पक्के करा. तोवर नोंदी कच्च्याच. त्याआधी तार तुटली, तर डीबी२ कच्च्या नोंदी मागे घेते आणि खाती पूर्ववत होतात. ह्याला 'रोलबॅक' म्हणतात. मात्र कच्च्या नोंदींवर कुलूप असते. सर्व्हरने 'कमिट'ला दिरंगाई केली, तर त्याच खात्याचे दुसरे काम अडून बसते. म्हणून काम आटोपशीर ठेवावे आणि लगेच पक्के करावे, हा ह्या धंद्यातला पहिला धडा.

एक पेच तरीही उरतोच. 'कमिट' पोचले, नोंद पक्की झाली, पण 'झाले' हे उत्तर वाटेतच हरवले! सर्व्हरला काहीच कळत नाही. त्याने घाईने तेच काम पुन्हा धाडले, तर ५०० ऐवजी १००० रुपये जातील. शहाणा सर्व्हर आधी विचारतो, 'अमुक क्रमांकाचा व्यवहार झाला आहे का?' उत्तर 'नाही' आले, तरच तो पुन्हा पाठवतो.

तुम्हीही तेच करा. पैसे पाठवताना पडदा मध्येच थांबला, तर लगेच पुन्हा बटण दाबू नका. आधी खाते पाहा, व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवा, आणि मगच पुढचे पाऊल टाका.