लॉकडाऊनमधला घेवड्याचा मांडव

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईला कामाला असलेली माणसं भोर-वेल्ह्यातल्या आपापल्या घरी परतली. आठवडी बाजार बंद. त्या पावसाळ्यात परसात बी टोकलं ते हौसेपेक्षा गरजेनं.

भाद्रपदात दोडका, काकडी, पडवळ आलं. घेवडा मात्र नुसता माजला! तरुण मंडळी म्हणाली, "उपटून टाकू." अहो, थांबा. गावठी वालघेवडा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. लवकर लावला तरी फुलोरा दसऱ्याच्या आगेमागेच. उतावीळपणे युरिया टाकलात तर पानंच मोजत बसाल. एकदा लागला की मात्र थंडीभर शेंगा सरत नाहीत.

भोपळ्याच्या मादी फुलाखाली चिमुकलं फळ दिसतं. झडीत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा सकाळीच नर फूल तोडून त्याचा पराग तिथे लावायचा. लाल भोपळा देठ वाळल्यावर, देठासकट काढा. हवेशीर जागी कित्येक महिने टिकतो.

ऑक्टोबरात परतीच्या पावसानं कापणीला आलेलं भात आडवं केलं. एरवी कापणीला माणूस मिळत नाही. त्या वर्षी घरी बसलेल्यांच्या हाती विळे आले. पोरांची मोबाईलवरची शाळा ओट्यावर, शेजारी शेंगा सोलणारी आजी. जेवणात इंद्रायणीचा भात आणि घेवड्याची भाजी, तीही रोज. तक्रारी झाल्याच!

बियाण्यासाठी पहिल्या बहरातल्या भरदार शेंगा वेलावरच वाळू द्या, बी राखेत घोळून डब्यात भरा. कुणाला गावठी घेवड्याचं बी हवं असेल तर सांगा.