गिनेसमधील ‘स्टुडंट’

बार्लीची प्रत मोजक्याच नमुन्यांवरून पारखावी लागत असता, दिसलेला फरक खरा की केवळ यदृच्छेचा, याचा निवाडा करण्यास तत्कालीन संख्याशास्त्र अपुरे पडते हे ज्यांनी ओळखले, ते विल्यम सीली गॉसेट १८९९ पासून डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीस होते. स्वतःच्या नावाने लिहिण्याची मुभा नसल्यामुळे १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातूनच पुढे टी-चाचणी सिद्ध झाली. कारखानदारीने गणितास दिलेली याहून मोलाची देणगी मला तरी ठाऊक नाही.

या चाचणीची रीत अशी: फरक नाही असे प्रथम गृहीत धरावे, मग नमुन्यांची संख्या व विचलन हिशेबात घेऊन, एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याचा संभव फारच अल्प ठरला तरच ते गृहीतक नामंजूर करावे. परंतु नामंजूर न झालेले गृहीतक सिद्ध झाले असे समजून तपासनिसांनी माल बिनदिक्कत मंजूर करू नये.