पावसाळा, पूर आणि जुन्या मोटारसायकलचं वायरिंग

पाणी कुठून येतं? बदलापूरला उल्हास नदी, अंबरनाथ-उल्हासनगरला वालधुनी. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ हे इथल्या मोठ्या पुरांचे दिवस.

व्होल्टेज : राजदूत, येझदी अशा अनेक जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या. बल्ब, हॉर्न, बॅटरी यांची अदलाबदल चालत नाही.

बॅटरी : १२ व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिनाचा वेग वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५. आकडा १५च्या वर गेला तर रेग्युलेटर तपासावा. पाणी डिस्टिल्डच घालावं.

बिघाडाच्या नेहमीच्या जागा :
- चॅसीवरचा अर्थ. गंज घासून बोल्ट घट्ट करावा. दिवे मंद होण्याचं कारण बहुतेकदा हेच.
- हँडलच्या वळणावर घासलेली वायर. नुसती टेप पावसात सुटते. जोड डाख देऊन स्लीव्हने झाकावा.
- कॉन्टॅक्ट पॉइंट, प्लगची टोपी. ओल शिरली की ठिणगी कमजोर.

फ्यूज : मूळ अँपिअरचाच. तारेचा तुकडा लावल्यास वायरिंग पेटू शकतं.

गाडी बुडाली तर किक मारू नये, चावी फिरवू नये. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडी मेकॅनिककडे ढकलत न्यावी.