दोन सरासऱ्यांचा निवाडा

वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय १८९० साली स्थापन झाले, आणि ज्या म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थसाहेबांचे नाव ते मिरविते त्यांनी शाळिग्रामांच्या सहकार्याने मराठी पोवाडेही संग्रहित केले, हे इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक असेल. परंतु अशा रुग्णालयाच्या दफ्तरातील दोन रकान्यांवरून ‘उपचाराने गुण आला’ असे म्हणण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

एक कल्पित दाखला घेऊ. संवेदना नष्ट झालेल्या पायांना व्रण होतात. पाच रुग्णांचे व्रण प्रारंभी १२, ९, ४, ७ आणि ३ चौरस सेंटिमीटर होते व महिन्याने त्याच क्रमाने १०, ७, ३, ५ आणि २ झाले, असे समजा. सरासरी ७ वरून ५.४ वर आली. हे दहा आकडे दहा परक्या माणसांचे मानून स्वतंत्र गटांची टी-चाचणी लावली, तर टी जेमतेम ०.७३ भरतो, पाच टक्के पातळीवर तक्ता मागतो २.३१, म्हणजे दावा फेटाळला जातो. उलट प्रत्येक रुग्णाचा मुकाबला त्याच्याच पूर्वीच्या नोंदीशी केला, तर घट २, २, १, २, १ अशी दिसते, माणसामाणसांतील जन्मजात तफावत वजा होऊन जाते, आणि युग्मित चाचणीचा टी ६.५३ येतो, येथे २.७८ पुरेसा असतो. आकडे तेच, निकाल मात्र उलटा!

तथापि व्रण आपोआपच भरत आले नसतील कशावरून? त्यासाठी उपचार न मिळालेला निराळा गट हवा, आणि तेथे युग्माची सोय संपते. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेतील गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडलेल्या टी-वितरणावर पुढे उभी राहिलेली दोन गटांची रूढ चाचणी, दोन्हींकडील आकड्यांची पांगापांग, म्हणजे विचरण, सारखेच आहे असे गृहीत धरते. लहान गटाचेच विचरण मोठे निघाले, तर नसलेला फरकही ती वारंवार ‘सिद्ध’ करून दाखविते. या पेचावर बेहरेन्स आणि फिशर यांनी काढलेल्या तोडग्याचे तक्ते सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी तयार करून १९३८ साली ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांत आवर्जून सांगितली पाहिजे. त्याच वर्षी वेल्च यांनी वेगळा मार्ग सुचविला, आणि गणकयंत्रांच्या काळात तोच अधिक प्रचलित झाला.

आधी विचरणांची समानता तपासावी व तिचा कौल घेऊन मग चाचणी निवडावी, हा पाठ्यपुस्तकी शिरस्ता आता सोडून द्यावा. भिन्न गटांना वेल्चचीच चाचणी लावावी. विचरणे समान निघाली तरी तिच्यामुळे होणारे नुकसान बहुधा नगण्य असते.